डेझर्ट ईगल, ‘रेप्लिका’ आणि एक महागडी दुनळी

गाय रिचीच्या ‘स्नॅच’ (२०००) मधला पबचा प्रसंग बहुतेकांच्या लक्षात असतो. सॉल, विनी आणि टायरोन हे तीन हौशी दरोडेखोर बुलेट टूथ टोनीवर पिस्तुलं रोखतात. टोनी घाबरत नाही. तो त्यांना समजावून सांगतो की तुमच्या पिस्तुलांवर ‘रेप्लिका’ लिहिलंय आणि माझ्या पिस्तुलावर ‘डेझर्ट ईगल पॉइंट फाइव्ह ओ’. तिघं आल्या वाटेने परत जातात.

हा विनोद जगात कुठेही चालतो, पण तो जन्माला येऊ शकतो फक्त ब्रिटनमध्ये. अमेरिकी गुन्हेगारी चित्रपटात कुणी नकली पिस्तूल घेऊन दरोडा घालायला निघाला, तर प्रेक्षक विचारेल की खरं का घेतलं नाही? लंडनमध्ये हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे खरं मिळतच नाही. मिळालं तर ते हाताळायची कुणाला सवय नसते, आणि आपल्या हातात नेमकं काय आहे हेही धड कळत नाही. ‘स्नॅच’ आणि त्याआधीचा ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ (१९९८) या दोन्ही चित्रपटांतला बंदुकांचा सगळा गोंधळ याच अडचणीतून निघालेला आहे.

कायद्यापासून सुरुवात करू. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावातल्या शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घालून मारलं. त्याच्याकडची पिस्तुलं परवान्याची होती. त्यानंतर १९९७ मध्ये ब्रिटिश संसदेने दोन कायदे केले. पहिल्याने .२२ इंचापेक्षा मोठ्या बोअरची (नळीच्या भोकाची) पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर बंद झाली, दुसऱ्याने .२२ चीसुद्धा. ग्रेट ब्रिटनमधल्या परवानाधारकांनी दीड लाखाहून जास्त पिस्तुलं सरकारजमा केली. .२२ सोडून बाकीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली त्याआधीच, १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर, १९८८ मध्ये गेल्या होत्या. सामान्य माणसाकडे कायदेशीरपणे उरलं ते काय? शिकारीची शॉटगन, काही रायफली, आणि कमी ताकदीच्या एअर गन.

म्हणजे हे चित्रपट बनले तेव्हा बंदी अगदी ताजी होती. लंडनच्या काळ्या बाजारात चोरलेल्या शॉटगन, बाहेरून आलेला तुरळक माल, निकामी करून विकलेल्या आणि पुन्हा चालू केलेल्या जुन्या बंदुका असा भंगारछाप साठा फिरत होता. आपल्याकडच्या बातम्यांमधला गावठी कट्टा आठवावा. फरक इतकाच की कट्टा मुळातच गावठी असतो. लंडनमधला माल दिसायला कंपनीचा, पण आत काय केलंय ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

‘स्नॅच’मधला बोरिस हा असाच विकणारा. टॉमी त्याच्याकडून पिस्तूल घेतो, हातात धरून म्हणतो की जड आहे. बोरिसचं म्हणणं असं की जड असलेलं चांगलं, जड म्हणजे भरवशाचं, आणि नाहीच चाललं तर डोक्यात घालता येतं. यातलं शेवटचं तेवढं खरं. वजनाचा भरवशाशी संबंध नाही. वजनाने एकच गोष्ट साधते, ती म्हणजे धक्का कमी जाणवतो. पिस्तूल भरवशाचं आहे की नाही ते ठरतं स्प्रिंगांच्या ताकदीवर, काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आपटणाऱ्या पिनेच्या टोकावर, मॅगझिनच्या तोंडाच्या पत्र्यावर आणि काडतूस किती जुनं, कुठे ठेवलेलं यावर. यातलं एकही हातात धरून तोलल्याने कळत नाही. मॅगझिनच्या तोंडाचा पत्रा किंचित वाकला तरी काडतूस नळीत जाताना नाक वर करून अडकतं. पिनेची स्प्रिंग मऊ पडली तर टोपीवर फिकट खळगा पडतो आणि बार होत नाही. चोरून ठेवलेल्या पिस्तुलाची काडतुसं बहुधा वर्षानुवर्षं कुठल्यातरी तळघरात दमट हवा खात पडलेली असतात, त्यामुळे दोष पिस्तुलाचा की काडतुसाचा हेही सांगता येत नाही.

आता ‘रेप्लिका’. २००० साली ब्रिटनमध्ये नकली पिस्तूल दुकानातून घेणं बेकायदा नव्हतं. हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुका बनवणं, आणणं आणि विकणं यांवर बंदी आली २००६ च्या कायद्याने, आणि ती लागू झाली २००७ मध्ये. त्यानंतर विकायच्या असतील तर त्या भडक रंगाच्या हव्यात; नाटक, चित्रपट, ऐतिहासिक लढायांचे प्रयोग यांना सूट आहे. म्हणजे सॉलच्या टोळीने ती पिस्तुलं भर दुपारी दुकानात जाऊन, पावती घेऊन आणली असती तरी चाललं असतं. चित्रपट पाहताना हे ध्यानात येत नाही, आणि आलं की ते तिघं आणखीच केविलवाणे वाटायला लागतात.

नकली पिस्तूल बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतं. ओतकामाच्या दोन अर्ध्या साच्यांची शिवण चापाच्या कड्याच्या आत किंवा दस्त्याच्या मागे बारीक रेघेसारखी दिसते. कडा गोलसर असतात, कारण पोलादासारखं कातून काढलेलं काही नसतं. नळी आतून भरलेली असते किंवा तोंडाशी थोडी खोल ठेवून पुढे बंद केलेली असते. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे विकलेल्या प्रत्येक खऱ्या नळीवर लंडन, बर्मिंगहॅम किंवा मान्यता असलेल्या परदेशी प्रूफ हाउसचे शिक्के असतात. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी टिकली की हे शिक्के बसतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची आहे, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. नकलीवर हे शिक्के नसतात.

इथे त्या प्रसंगातली एक लबाडी सांगायला हवी. पिस्तूल समोरून रोखलेलं असताना त्याच्या बाजूवरचा मजकूर वाचता येत नाही. तो कॅमेऱ्याला वाचता येतो. समोरच्याला दिसतं ते नळीचं तोंड. जाणकार माणूस अक्षरं शोधणार नाही, तो ते भोक बघेल. अर्ध्या इंचाच्या नळीचं तोंड १२.७ मिलिमीटरचं, त्यात करंगळीचं टोक सहज जाईल. बंद नळीच्या तोंडात थोड्याच अंतरावर धातू चमकतो. टोनीला तेवढं पुरलं असतं. अर्थात मग संवादाची मजा गेली असती.

शिवाय कायद्याच्या नजरेत ते तिघं आणि टोनी यांच्यात वाटतो तेवढा फरक नाही. १९६८ च्या फायरआर्म्स अॅक्टच्या कलम १८ प्रमाणे गंभीर गुन्हा करायच्या इराद्याने बंदूक ‘किंवा नकली बंदूक’ जवळ बाळगली, तर कमाल शिक्षा जन्मठेप. काउंटरमागच्या बाईला बसणारी भीती खरी असते, म्हणून कायदा आतला धातू तपासत बसत नाही. धोका सगळा खऱ्या बंदुकीचा आणि ताकद मात्र शून्य, असा हा व्यवहार.

डेझर्ट ईगल हे चित्रपटांचं लाडकं पिस्तूल. आखणी मिनेसोटातल्या मॅग्नम रिसर्च या अमेरिकी कंपनीची, १९७९ पासूनची. घडवलं इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजने. आधी .३५७ आणि .४४ मॅग्नममध्ये आलं, .५० ची आवृत्ती १९९१ ची. रिकामं वजन सुमारे २ किलो, लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये ७ काडतुसं. टोनीसारख्या धिप्पाड माणसाच्या कोटाखालीही ते लपत नाही, खिसा ओढून धरतं.

ते वेगळं का, हे कळायला साधं पिस्तूल कसं चालतं ते आधी बघू. नेहमीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलात बार होतो तेव्हा नळी आणि वरची स्लाइड (नळीवरचं सरकणारं आवरण) एकमेकांत अडकलेली असतात. दोन्ही मिळून काही मिलिमीटर मागे सरकतात, तोवर गोळी बाहेर पडून दाब उतरतो. मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, स्लाइड सुटते आणि एकटी मागे जाऊन रिकामं टोपण, म्हणजे काडतुसाचं कवच, बाहेर फेकते, परतताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस ढकलत नेते. .५० च्या काडतुसाला ही रचना नाजूक पडते. म्हणून डेझर्ट ईगलमध्ये रायफलची युक्ती वापरली आहे. नळी जागची हलत नाही. काडतुसाच्या खणाच्या थोडं पुढे नळीला एक बारीक छिद्र असतं. गोळी तिथून पुढे गेली की मागचा वायू त्या छिद्रातून खाली उतरतो, नळीच्या पोटाखालच्या मार्गाने पुढे तोंडाजवळ जातो आणि तिथल्या छोट्या दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या स्लाइडला ढकलतो. स्लाइड मागे जाताना आतला बोल्ट (काडतुसामागचा अडसर) फिरवते, त्याचे दात नळीच्या खाचांतून सुटतात आणि मग टोपण बाहेर येतं. बोल्ट फिरून सुटण्याची ही पद्धत एम-१६ रायफलमध्येही आहे.

आणि म्हणूनच हे पिस्तूल लाडावलेलं आहे. त्याला चार गोष्टी खपत नाहीत. पहिली, सैल मनगट. स्लाइडला मागे जायला स्थिर आधार लागतो. हात पिस्तुलाबरोबर मागे गेला तर स्लाइडची धाव अपुरी पडते आणि रिकामं टोपण खिडकीत उभं अडकतं. दुसरी, उघड्या शिशाची गोळी. शिशाचे कण त्या बारीक छिद्रात साठतात आणि वायूची वाट बुजते, म्हणून तांब्याचं वेष्टण असलेलीच गोळी वापरायची. तिसरी, कमी दारूचं काडतूस. दट्ट्याला पुरेसा धक्काच मिळत नाही. चौथी गोष्ट चित्रपटांत हटकून दिसते, ती म्हणजे डाव्या हाताच्या तळव्याने मॅगझिनला खालून टेकू देणं. या पिस्तुलाचं मॅगझिन जागेवर थोडं सैल बसतं आणि तसंच राहावं लागतं. खालून दाबलं की काडतुसांचा कोन बदलतो आणि पुढचं अडतं.

काडतुसाची एक गंमत. .५० च्या टोपणाची बुडाची कड टोपणापेक्षा अरुंद ठेवलेली आहे, .४४ मॅग्नमच्या कडेएवढीच. त्यामुळे बोल्ट तोच ठेवून नळी आणि मॅगझिन बदललं की काम भागतं. आणि अमेरिकी कायद्यात अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या बोअरचं हत्यार ‘विध्वंसक साधन’ या गटात जातं, म्हणून गोळीचा व्यास मुळातल्या आखणीपेक्षा किंचित कमी करून बरोबर अर्ध्या इंचावर आणला गेला.

टोनीची खरी अडचण मात्र कुठल्याच प्रसंगात येत नाही: २००० सालच्या लंडनमध्ये तो .५० ची काडतुसं आणतो कुठून? पिस्तूल एकदा चोरून आणता येतं, काडतुसं पुन्हा पुन्हा लागतात. ज्या देशात ते पिस्तूल कुणी बाळगूच शकत नाही, तिथे त्याची काडतुसं चोरायला दुकानही नसतं. म्हणून व्यावहारिक गुन्हेगार नेहमी सहज मिळणाऱ्या बोअरकडे वळतो.

ताकदीचा हिशेब करून बघू. .५० ची सुमारे १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४५० मीटरच्या आसपास निघते. ऊर्जा साधारण २००० ज्यूल. ९ मिलिमीटरची ८ ग्रॅमची गोळी, सुमारे ३६० मीटर, ५०० ज्यूल. बारा बोअरच्या साध्या शॉटगनमधून ३० ग्रॅम छर्रे ४०० मीटरच्या आसपास निघतात; २४०० ज्यूल. म्हणजे टोनीच्या त्या तोफेपेक्षा इंग्लंडमधल्या शेतकऱ्याची कावळे उडवायची दुनळी तोंडाशी जास्त ताकदवान असते, आणि ती परवान्यावर मिळते. छर्रे हवेत लवकर मंदावतात ही गोष्ट निराळी. पण पबच्या टेबलापलीकडच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

टोनीचा शेवट त्याच पिस्तुलाने होतो. हिरा गिळलेला कुत्रा पळतोय, न्यूयॉर्कहून आलेला अव्ही पिस्तूल हिसकावून कुत्र्यावर गोळ्या झाडतो, आणि गोळी लागते टोनीला. हा प्रसंग अतिरंजित वाटतो, पण यंत्राच्या बाजूने तो चोख आहे. डेझर्ट ईगल सिंगल-अॅक्शन आहे. पहिला बार झाला की स्लाइड घोडा आपोआप मागे ओढून ठेवते, पुढच्या बाराला चाप थोडाच दाबावा लागतो. धक्क्याने पिस्तुलाचं तोंड वर उसळतं. सवय नसलेला माणूस ते खाली आणताना मूठ आवळतो, आणि चापावरचं बोट मुठीबरोबर आवळलं जातं. दुसरा बार अशा वेळी होतो जेव्हा नळी कुठे बघतेय ते त्याचं त्यालाच माहीत नसतं. त्यात अव्हीची नजर कुत्र्यावर, आणि नळी नजरेमागून फिरतेय. नेमबाजीच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात की नेम धरेपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर, आणि लक्ष्याच्या मागे व वाटेत काय आहे ते आधी बघा. अव्ही दोन्ही मोडतो. चित्रपटाने वगळलेली गोष्ट म्हणजे आवाज. बंद खोलीत .५० चे सलग बार झाले तर नंतर कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येणार नाही. कान बराच वेळ शिट्टी वाजवत राहतील.

सट्ट्याच्या दुकानावर दरोडा घालायला विनी जी शॉटगन आणतो, ती बघून सॉल तिला विमानविरोधी तोफ म्हणतो. बारा बोअरचं भोक खरंच मोठं दिसतं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो व्यास, तो बारा बोअर: १८.५ मिलिमीटर. म्हणून बोअरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. वीस बोअर १५.६ मिलिमीटर. धाक घालायला ही बंदूक उत्तम. पण शॉटगनला नेम लागत नाही, नुसती त्या दिशेला धरली की झालं, हा चित्रपटांनी पसरवलेला गैरसमज आहे. चोक (तोंडाशी किंचित अरुंद केलेला भाग) नसलेल्या नळीतून छर्रे साधारण दर मीटरला अडीच-पावणेतीन सेंटिमीटर पसरतात. काउंटरच्या अंतरावर, दोन मीटरवर, सहा नंबरचे २८० च्या आसपास छर्रे तळहाताहून लहान जागेत एकत्रच असतात. तेव्हा ते एका जड गोळीसारखे वागतात आणि नेम चुकला तर सगळेच चुकतात.

नळी कापलेली शॉटगन या चित्रपटांच्या दुनियेत ठरलेलीच. ब्रिटनमध्ये शॉटगनच्या परवान्यावर नळी किमान २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर हवी. त्याहून आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कापल्याने फक्त लपवायची सोय होते. तोंडाकडचा चोक जातो, वजन घटल्यामुळे खांद्याचा आधार नसलेल्या मनगटावर धक्का वाढतो, न जळलेल्या दारूचा जाळ तोंडाबाहेर येतो. ताकद वाढते हा समज चूक.

‘लॉक, स्टॉक’मध्ये गांजा पिकवणाऱ्या पोरांच्या घरावर दरोडा पडतो, तेव्हा त्यांच्याकडे एअर रायफल असते. १२ फूट-पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६ ज्यूलच्या एअर रायफलला इंग्लंड-वेल्समध्ये परवाना लागत नाही. वरच्या आकड्यांशेजारी हे १६ ठेवून बघा. छर्रा कातडीत घुसतो, डोळा जाऊ शकतो, पण चवताळलेला माणूस थांबत नाही. उलट आणखी चवताळतो, आणि पटकथेला तेच हवं असतं. त्याच चित्रपटात दिसणारी ब्रेन ही हलकी मशीनगन दुसऱ्या टोकाची. दहा किलोच्या आसपास वजन, वरून लागणारं वाकडं मॅगझिन, मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या. भारतीय सेनेतही ती अनेक दशकं होती. मॅगझिन ३० चं, पण जुने सैनिक २८ च भरायचे; .३०३ च्या टोपणाची कड बाहेर आलेली असते, ठासून भरली की कडेत कड अडकते. लंडनच्या दिवाणखान्यात ब्रेन आली कुठून, असं वाटेल. १९८८ नंतर निकामी केल्याच्या प्रमाणपत्रासह युद्धकाळातल्या बंदुका ब्रिटनमध्ये शोभेसाठी उघड विकल्या जात. निकामी करण्याचे नियम १९९५ मध्ये कडक झाले. त्याआधीचा माल हा पोलिसांचा डोकेदुखीचा विषय होता.

बरं, ज्या देशात पिस्तूलबंदी आहे तिथे टोनीचं काम करणारा विनी जोन्स डेझर्ट ईगल हातात घेतो कसा? १९६८ च्या कायद्यातच कलम १२ आहे: नाटकात किंवा चित्रीकरणात भाग घेणारा माणूस प्रयोगापुरती, तालमीपुरती बंदूक परवान्याविना धरू शकतो. बंदूक मालकीची असते अधिकृत शस्त्रपुरवठादाराची, आणि त्याचा माणूस सेटवर हजर असतो. एकाच पात्रासाठी अनेक नमुने ठेवतात. पडझडीसाठी रबरी, हातात नुसतं धरायला न उडणारा, आणि बाराच्या दृश्यासाठी ब्लँक उडवणारा. पबच्या प्रसंगात तर नट नकली पिस्तूल धरून नकली पिस्तुलाचीच भूमिका वठवत असतो.

ब्लँक काडतुसात दारू असते, गोळी नसते, तोंड चुण्या घालून बंद केलेलं असतं. गोळीचा अडथळा नसल्यामुळे वायू भसकन निघून जातो आणि स्लाइड मागे यायला दाब पुरत नाही. म्हणून चित्रीकरणाच्या पिस्तुलात नळी आतून अरुंद करतात. हे काम प्रत्येक बंदुकीसाठी आणि प्रत्येक काडतुसासाठी वेगळं जुळवावं लागतं. १९६९ च्या ‘द वाइल्ड बंच’ या वेस्टर्नमध्ये .४५ च्या ब्लँकवर कोल्ट पिस्तूल नीट चालेना, म्हणून तसंच दिसणारं ९ मिलिमीटरचं स्पॅनिश स्टार मॉडेल बी वापरलं गेलं.

ब्लँक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तोंडातून तापलेला वायू आणि जळते कण निघतात. जॉन-एरिक हेक्सम हा नट १९८४ मध्ये ब्लँक भरलेलं रिव्हॉल्वर कानशिलाला लावून गंमत करताना जखमी झाला आणि दगावला. ३१ मार्च १९९३ ला ‘द क्रो’च्या सेटवर ब्रँडन ली हा नट गेला, त्यामागची साखळी समजून घेण्यासारखी आहे. रिव्हॉल्वरच्या जवळच्या दृश्यात चक्रातली काडतुसं समोरून दिसतात, म्हणून तिथे गोळी असलेली पण दारू नसलेली डमी लागतात. सेटवर खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी बनवली होती, पण एकीची टोपी जिवंत राहिली. चाप दाबल्यावर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत सरकली आणि तिथेच अडकली. नळी कुणी तपासली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक भरलं, आणि ब्लँकच्या दाबाने ती गोळी बाहेर पडली. दोन ‘सुरक्षित’ काडतुसं मिळून एक खरं काडतूस झालं. ‘रस्ट’च्या सेटवर २१ ऑक्टोबर २०२१ ला छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेली, तिथे तर डमींमध्ये खरं काडतूसच आलं होतं. चांगली डमी ओळखायची सोय साधी असते: आत छर्रा टाकलेला असतो, कानाशी हलवली की खुळखुळते, किंवा टोपणाला बाजूने भोक पाडलेलं असतं. प्रत्येक डमी नटासमोर हलवून दाखवायची आणि प्रत्येक दृश्याआधी नळीतून काडी घालून बघायची, हे काम कंटाळवाणं आहे आणि वेळ खातं. घाईच्या सेटवर पहिली काट यालाच लागते.

राहिली ‘लॉक, स्टॉक’ची ती दुनळ्यांची जोडी. एका उमरावाच्या घरातून चोरलेल्या या जुन्या शॉटगन चोर कवडीमोलाने विकतात, कारण त्यांना त्या फक्त जुन्या वाटतात. जोडी का, हे बहुतेकांना कळत नाही. इंग्लंडमधल्या हाकाऱ्याच्या शिकारीत पक्षी थव्याने डोक्यावरून जातात. शिकारी एक बंदूक रिकामी करतो तोवर मागे उभा असलेला माणूस दुसरी भरून हातात देतो. दोन्ही बंदुकांचं वजन, दस्त्याचा बाक, चापाचा जोर तंतोतंत सारखा हवा, नाहीतर नेम बिघडतो. म्हणून परडी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस असे लंडनचे कारागीर दोन्ही एकाच अक्रोडाच्या लाकडातून, एकाच वेळी घडवतात आणि वर १ व २ असे आकडे कोरतात. भारतातले संस्थानिक या कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. जोडीतली एक हरवली तर उरलेलीची किंमत अर्ध्याहूनही कमी होते.

अशी जुनी बंदूक दरोड्यात वापरणं हे पैशांच्या आधी जिवाच्या दृष्टीने वेडेपणाचं आहे. तिचं प्रूफ काळ्या दारूचं असू शकतं आणि खण बहुधा ६५ मिलिमीटरचा. आजचं काडतूस अनेकदा ७० मिलिमीटरचं. ते आत बसतं, पण उडाल्यावर टोपणाचं तोंड उलगडायला जागा उरत नाही, ते पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब चढतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी डमास्कस नळी असेल तर ती फुगते किंवा फाटते, आणि फाटते ती बहुधा पुढे धरलेल्या डाव्या हातापाशी.

चित्रपटाच्या शेवटी टोळीतला टॉम पुलावरून लटकून त्या दुनळ्या थेम्समध्ये ढकलायला बघतो, कारण मित्रांच्या मते पुरावा तेवढाच उरलाय. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते, छर्ऱ्यांवर कुठलीच खूण उमटत नाही. खूण उमटते ती टोपणाच्या बुडावर, पिनेची. आणि दुनळीतली टोपणं बंदूक बिजागरीवर दुमडून उघडल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. जागेवर टोपणं सोडली नसतील, तर बंदुकीला गुन्ह्याशी जोडणं कठीणच असतं. पाण्यात पडल्यास मात्र नुकसान नक्की. नळीच्या आत गंजाचे खड्डे पडतात, ते घासून काढावे तर भिंत पातळ होते. जुन्या दुनळीची भिंत सगळ्यात पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली की जाणकार ती उडवायला नको म्हणतात, आणि लिलावात अशा जोडीची बोली घसरते.